चढउताराच्या, झाडीतल्या जमिनीवरचा गोल्फ कोर्स: जमिनीशी कसं वागावं?

माळावरचा (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:२०

नाशिकमध्ये गोल्फ क्लब म्हटलं की पहाटे चालायला येणारी मंडळी, क्रिकेटचं पीच आणि रणजीचे सामने डोळ्यांसमोर येतात. इंग्रजांच्या काळात तिथे गोल्फ खेळायचे, ते नाव अजून लोकांच्या तोंडात आहे. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ज्या गावात कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या गावात हेच नाव शोभतं. पण मला त्या सपाट मैदानाबद्दल लिहायचं नाहीये. लिहायचं आहे ते हलक्या चढउताराच्या, झाडीतल्या गोल्फ कोर्सबद्दल. त्र्यंबक रोडने अंजनेरीकडे जाताना किंवा वाडीवऱ्ह्याच्या बाजूला जशी जमीन दिसते तशी: टेकाड उतरलं की लवण, लवणात ओहळ, पलीकडे पुन्हा उंचवटा, आणि मधे पळस, ऐन, मोह, आंबा.

माझं म्हणणं पहिल्यांदाच स्पष्ट मांडतो. अशा जमिनीवर डोझर सगळ्यात शेवटी आणि कमीत कमी फिरावा. आधी जमीन पायी फिरून बघायची, पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते टिपायचं, जुनी झाडं नकाशावर मांडायची, आणि मग त्यात होल, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचे एकेक पल्ले, बसवायचे. आधी कागदावर अठरा होल आखायचे आणि नंतर त्या कागदाप्रमाणे टेकाडं कापून लवणं भरायची, ही पद्धत जमिनीचा नाश करते आणि खेळही बिघडवते.

खेळ का बिघडतो ते सांगतो. न खेळणाऱ्यांना वाटतं की लांब मारलं की झालं. चढउताराच्या जमिनीवर चेंडू क्वचितच सपाटीवर थांबतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर तो डावीकडे वळतो, खाली असेल तर उजवीकडे. समोर चढ असेल तर तोच फटका उंच जातो आणि तोकडा पडतो, उतार असेल तर ठेंगणा जातो आणि पुढे धावतो. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तीस फूट खाली असेल तर साधारण दहा यार्ड जवळ धरून काठी निवडायची. बंकर (वाळूचे खड्डे) न खोदता, तळं न बांधता जमीन आपणहून इतके प्रश्न विचारते. ती सपाट केली की हे सगळं जातं, आणि मग ती उणीव भरून काढायला पैसे ओतून खोटे उंचवटे करावे लागतात.

टीव्हीवर आपण दर एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धेत अमेरिकेतला ऑगस्टा कोर्स बघतो. ती जमीन पूर्वी रोपवाटिका होती, म्हणून तिथल्या प्रत्येक होलला एकेका झाडाझुडपाचं नाव आहे. कॅमेऱ्यात ती जमीन सपाट वाटते, प्रत्यक्षात क्लबहाऊसपासून खालच्या ओढ्यापर्यंत शंभर फुटांहून जास्त उतार आहे. कोर्स आखणारे अलिस्टर मॅकेन्झी आणि गोल्फपटू बॉबी जोन्स यांनी १९३३ मध्ये तो कोर्स खुला केला तेव्हा त्यात अवघे २२ बंकर होते. बाकीचं काम उतारांनी केलं. आपल्या देशातलं उदाहरण शिलाँगचं. १८९८ मध्ये नऊ होल, १९२४ मध्ये अठरा, पाइनच्या झाडीतून वर-खाली जाणारी लवणं. तिथे उभं राहिलं की कोर्स आधी होता की दरी आधी, असा प्रश्न पडतो, आणि चांगल्या कोर्सची खूण हीच आहे.

नाशिकच्या आसपास असा कोर्स असावा का, कुठे असावा, कोणत्या अटींवर असावा, यावर तुमची मतं हवी आहेत. न खेळणाऱ्यांचीसुद्धा. त्यांची जास्तच.

---

तोफची, सोमवार, रात्री १०:०५

जय हिंद. देवळालीला बरीच वर्षं काढली, त्यामुळे लिहितो. तोफखान्याच्या प्रशालेमुळे देवळाली सगळ्यांना ठाऊक आहे, पण कॅम्पात लष्कराचं गोल्फचं मैदानही आहे. नागरिकांना प्रवेशाचे नियम लष्कर ठरवतं, तेव्हा आधी चौकशी करूनच जावं.

तुमच्या मुद्द्यात एक भर. आपल्याकडे एकाच उताराचे वर्षात तीन उतार होतात. मे महिन्यात मुरूम दगडासारखा कडक असतो, चेंडू पडतो आणि पुढे धावत सुटतो, लवणात जाऊनच थांबतो. जुलैत तोच चेंडू पडल्या जागी चिखलात रुततो. आणि डिसेंबर-जानेवारीत हरळी पिवळी पडते, वाढ थांबते, तेव्हा चेंडू काटक्यांवर बसल्यासारखा बसतो. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की आम्ही समजून जायचो, आता फेब्रुवारीपर्यंत गवताकडून अपेक्षा नको. म्हणून ज्याला कोर्स आखायचा आहे त्याने जमीन एकदाच फिरून चालणार नाही. तिन्ही ऋतूंत फिरावं.

दुसरं, कॅडींबद्दल, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसांबद्दल, कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. हरळीच्या ग्रीनवर गवताला कल असतो, पाती एका दिशेला झोपतात. एका बाजूने बघितलं तर ग्रीन चकचकीत दिसतं, उलट बाजूने गडद. चकचकीत दिसलं तर चेंडू गवताच्या कलाबरोबर जाणार, म्हणजे पळणार. गडद दिसलं तर अडणार. हे मला पुस्तकातून नाही, एका म्हाताऱ्या कॅडीकडून कळलं. त्याने मला भोकाशी बसवलं आणि भोकाची कड दाखवली. सव्वाचार इंचाचं भोक, त्याची एक कड सुरीने कापल्यासारखी साफ आणि दुसरी कड खरबरीत, वाळलेली. म्हणाला, साहेब, ज्या बाजूची कड जळाली तिकडे गवत झोपतंय, कारण तिथली मुळं कापली गेली. त्यानंतर मी ग्रीनवर आधी भोकाची कड बघतो.

झाडीच्या कोर्सवर आणखी एक माणूस लागतो, आगेवाला. पुढे टेकाडावर उभा राहून चेंडू कुठे पडला ते बघणारा. टेकाडापलीकडचं दिसत नाही तिथे त्याच्याशिवाय पान हलत नाही. कोर्स आखताना त्याला उभं राहायला सावली आणि चेंडूपासून आडोसा ठेवा, एवढी माझी मागणी आहे.

---

निफाडचा शेतकरी, मंगळवार, सकाळी ६:४०

धागा वाचला. खेळाला विरोध नाही, पण पाण्याचं आधी बोला. द्राक्षवाले आम्ही थेंबाथेंबाचा हिशोब ठेवतो, ठिबक, मल्चिंग, शेततळ्याला कागद, सगळं करतो. आणि तुम्ही हिरवळ भिजवणार.

साधा हिशोब मांडतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. अठरा होलच्या कोर्सवर भिजवायचं क्षेत्र वीस हेक्टर धरलं आणि उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर दिलं, तर रोजचे दहा लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे बायाबापड्या हंडे घेऊन फिरत असताना हे कोणत्या तोंडाने करणार?

सांडपाणी प्रक्रिया करून वापरू, असं उत्तर येईल. मग नकाशा बघा. शहराची मोठी मलनिस्सारण केंद्रं तपोवन, आगरटाकळीकडे, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला. तुमची झाडीची, चढउताराची जमीन वरच्या अंगाला, पश्चिमेला. ते पाणी उलटं वर चढवायचं तर पाइपलाइन आणि वीज दोन्हींचा खर्च. शिवाय पश्चिमेला गंगापूर धरण. शहराचा मोठा भाग ते पाणी पितो. तिथल्या उतारांवर गवतासाठी युरिया आणि बुरशीनाशकं मारली तर ती पावसात कुठे जाणार, हे आम्हाला शिकवायला नको.

---

माळावरचा, मंगळवार, दुपारी १:१५

@निफाडचा शेतकरी, दादा, याच उत्तरासाठी धागा काढला होता. तुमचा हिशोब बरोबर आहे आणि धरणाच्या पाणलोटाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य. तिथे कोर्स होऊच नये. पाणलोट क्षेत्र या चर्चेतून बाहेर काढू.

आता उरलेल्या हिशोबाकडे बघू. वीस हेक्टर भिजवायलाच हवेत, हे गृहीत मला मान्य नाही. ग्रीन साधारण पाचशे चौरस मीटरचं असतं. अठरा ग्रीन मिळून एक हेक्टरही होत नाही. टी बॉक्स (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीनभोवतालचा पट्टा धरून दोन हेक्टर. फक्त तेवढंच भिजवलं तर दहा लाखांचे एक लाख लिटर होतात. फेअरवेवर, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या पट्ट्यावर, आपली हरळी आहे, ती उन्हाळ्यात तपकिरी होईल आणि पहिल्या पावसात उठेल. तपकिरी फेअरवेवर खेळ उत्तम होतो, तोफचींनी वर लिहिलंच आहे की चेंडू धावतो. नऊच होल केले तर तेही निम्मं.

जुन्या काळी आपल्याकडे कोरड्या भागात ग्रीनच नसायचे. वाळू दाबून, तेल मिसळून तिची गोल जागा करत, तिला ब्राउन म्हणत. मी काही तेलाच्या वाळूकडे परत चला म्हणत नाही, पण बारा महिने हिरवंगार हा हट्ट टीव्हीने लावला आहे आणि तो सोडायला हवा. ज्या प्रदेशात इगतपुरीला धो धो आणि सिन्नरला कोरडं असा फरक तासाभराच्या अंतरात पडतो, तिथे ऋतूप्रमाणे रंग बदलणारा कोर्सच खरा.

आणि बुरशीबद्दल तुम्हीच आम्हाला शिकवू शकता. झाडीतल्या कोर्सचा सगळ्यात मोठा त्रास तोच. ग्रीनच्या पूर्वेला दाट झाडी असली की सकाळचं ऊन पोचत नाही, दव दहा वाजेपर्यंत सुकत नाही, वारा खेळत नाही, आणि रोग येतो. मग औषध. द्राक्षाच्या मांडवात डाऊनी (बुरशीचा रोग) येते तीच कारणं. म्हणून ग्रीन कुठे असावं हे झाडं ठरवतात. पूर्वेला मोकळं, पश्चिमेला सावली, अशी जागा सापडली तर फवारणी आपोआप कमी. झाड तोडून ऊन आणण्यापेक्षा ग्रीन शंभर फूट सरकवावं.

---

रानवाट, मंगळवार, रात्री ८:३०

पक्षी बघते, खेळत नाही. दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली: या धाग्यात सगळे 'झाडी, झाडी' म्हणतायत, पण नाशिकच्या आसपासचा मोकळा गवताळ माळही तितकाच मोलाचा आहे. सरकारदरबारी त्याला पडीक म्हणतात. त्या माळावर चंडोल, माळटिटवी, धाविक राहतात, त्यांना झाडी नकोच असते. कोर्स सुंदर दिसावा म्हणून अशा माळावर गिरीपुष्प, निलगिरी, सुबाभूळ यांच्या रांगा लावल्या तर ते हिरवं दिसेल आणि पक्षी निघून जातील. जिथे झाडी आहे तिथे झाडी राहू द्या, जिथे माळ आहे तिथे माळ.

दुसरी: मैदानाच्या कडेला टिटवीचं घरटं मी जवळून बघितलंय. घरटं म्हणायचं एवढंच, मुरमात किंचित खोलगट जागा, भोवती बोराएवढे खडे, आणि त्यात चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला. मातकट रंग, काळे ठिपके. दोन पावलांवर उभी होते तरी आधी खडेच वाटले. टिटवी ओरडत डोक्यावरून झेपावली म्हणून पाय थांबला. ही अंडी मार्चपासून पावसाळ्यापर्यंत कधीही असू शकतात, आणि गवत कापायचं यंत्र सगळ्यात जास्त फिरतं ते याच जागांवरून. कोर्स असेल तर कापणाऱ्या माणसाला घरटं ओळखता यायला हवं आणि तिथे चार काठ्या रोवून जागा सोडायचा अधिकार त्याला हवा. वरून परवानगी येईपर्यंत यंत्र पुढे गेलेलं असतं.

बाकी होलांमधल्या पट्ट्यात गवत अजिबात कापलं नाही, पळस, काटेसावर, बहावा, बोर तसेच ठेवले, तर कोर्समुळे एक मोठा तुकडा प्लॉटिंगपासून वाचू शकतो. हे मी मान्य करते. शहर ज्या वेगाने पसरतंय ते बघता हा मुद्दा लहान नाही.

---

सायली_ना, बुधवार, सकाळी ११:००

माझी मुलगी आठवीत आहे. ७ ऑगस्ट २०२१ ला अदिती अशोक टोकियोत चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं, ते आम्ही सकाळी सकाळी टीव्हीसमोर बसून बघितलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात गोल्फ आहे. पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिम्पिकला होता. पण इथे सुरुवात कुठून करायची? जिथे चौकशी केली तिथे सभासदत्वाचा आकडा ऐकूनच परत आलो. चर्चा वाचून आनंद झाला, पण कोर्स झाला तरी तो आमच्यासारख्यांसाठी असेल का, हे कुणीतरी लिहा.

---

तोफची, बुधवार, दुपारी ४:१०

सायलीताई, मुलीला आधी पटिंग, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलणं, शिकवा. त्याला कोर्स लागत नाही. सोसायटीतल्या लॉनवर, शाळेच्या मैदानावर, अगदी घरातल्या सतरंजीवर होतं. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात, पण मुलीला पटर (पटिंगची काठी), सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराची काठी) आणि एक वेज (जवळच्या, उंच फटक्याची काठी), बस्स. जुन्या, वापरलेल्या मिळतात, फक्त तिच्या उंचीला कापून घ्या. मोठ्यांची लांब काठी दिली की पोरांचा झोका कायमचा बिघडतो.

आणि हा पैसेवाल्यांचाच खेळ आहे असं तिला वाटू देऊ नका. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात गवत राखायचे, आणि पोरगा २०१६ आणि २०१७ लागोपाठ इंडियन ओपन जिंकला. हा मुलगा त्याच गवतावर शिकला. म्हणून धागाकर्त्यांना सांगतो, अटींच्या यादीत हेही लिहा: कोर्सवर काम करणाऱ्यांच्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरांना आठवड्यातले ठरावीक दिवस मोकळा खेळ. आयत्या वेळी उपकार म्हणून नको, पहिल्या दिवसापासून लेखी.

---

कॉलेजरोडकर, बुधवार, रात्री ९:५०

चढउताराची जमीन न हलवता पावसाचं पाणी कसं काढणार? काळ्या मातीत तर पाणी आठवडाभर उभं राहतं. सिव्हिलवाला आहे म्हणून विचारतोय.

---

माळावरचा, गुरुवार, सकाळी ७:३०

@कॉलेजरोडकर, काळी माती हाच खरा शत्रू. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर ग्रीन टिकत नाही. पण आपल्याकडच्या चढउतारात काळी सहसा लवणात साचलेली असते आणि उंचवट्यावर मुरूम उघडा असतो. म्हणून ग्रीन आणि टी मुरमाच्या खांद्यावर, लवण चेंडूने ओलांडायचं, आणि लवणातला ओहळ जसाच्या तसा. मुरूम पाणी पिऊन घेतो, वरचं जास्तीचं ओहळ घेऊन जातो. जिथे खरोखर खोदायचं ते फक्त ग्रीनखाली: तळाशी चार इंच खडी, त्यात पाइप, वर बारा इंच वाळूचा थर. अठरा ग्रीनचं मिळून ते एक हेक्टरच्या आत. बाकी जमिनीला हात नाही. ओहळाच्या खालच्या टोकाला एक तळं केलं तर ग्रीनवरून झिरपलेलं पाणी तिथे जमतं आणि पुन्हा वापरता येतं.

झाडांमधली वाट किती रुंद, हेही महत्त्वाचं. चेंडू पडतो तिथे, म्हणजे टीपासून दोनशे ते अडीचशे यार्डांवर, किमान पन्नास-साठ यार्ड मोकळी जागा हवी. एवढी मोकळीक आपोआप मिळत नसेल तर तो होल तिथे नाहीच, दुसरीकडे शोधायचा. दाटीवाटीने होल बसवायला झाडं पाडणं आणि नंतर दोन होलांच्या मधे रांगेत नवी झाडं लावणं, हे दोन्ही मी अनेक ठिकाणी बघितलंय. अमेरिकेत ओकमाँट नावाचा जुना नामांकित कोर्स आहे, तिथे अशी मागाहून लावलेली हजारो झाडं शेवटी काढावी लागली.

सायलीताई आणि तोफची, मुलांच्या खेळाची अट मी पहिल्या क्रमांकावर घालतो. रानवाट, माळाला हात नाही आणि घरट्याभोवती काठ्या, दोन्ही घेतलं.

आता प्रस्ताव. सिन्नरच्या बाजूला आणि वाडीवऱ्ह्याच्या पुढे गंगापूर धरणाच्या पाणलोटाबाहेर अशी मुरमाड, चढउताराची, थोड्या झाडीची जमीन आहे. विकत घ्यायला नाही, वाचायला शिकण्यासाठी जाऊ. जुलैत चांगला पाऊस पडून गेल्यावर एक रविवार, पायी आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे अठरा होल चालण्याएवढं. पाणी कुठे वाहतं, कुठे थांबतं, कुठलं झाड किती जुनं, ग्रीन बसेल असे खांदे किती, एवढंच टिपायचं. मालकाची परवानगी मी आधी घेईन. यायचं असेल त्यांनी खाली लिहा. दुसरी फेरी मे महिन्यात, तोफचींनी म्हटल्याप्रमाणे.

---

रानवाट, गुरुवार, सकाळी ९:०५

मी येते. पहाटे निघायचं असेल तरच. आणि उसाच्या कडेने एकट्यादुकट्याने चालायचं नाही, बिबट्याचा भाग आहे.

---

सायली_ना, गुरुवार, दुपारी १२:४०

आम्ही दोघी. तोफचीकाका, येताना एखादी जुनी सात नंबर मिळाली तर बघाल का? उंची चार फूट दहा इंच.

---

निफाडचा शेतकरी, गुरुवार, रात्री ९:१५

पाणी एक लाखावर येत असेल आणि पाणलोट सोडून असेल तर ऐकून घ्यायला तयार आहे. रविवारी येतो. टिकाव-फावडं मी आणतो, चार ठिकाणी दोन-दोन फूट खणून बघू, काळी किती आणि मुरूम कुठे लागतो ते. वरून बघून कळत नाही.